पासवर्ड लक्षात ठेवू का?

२०१३च्या पावसाळ्यात मी अकरावीत होतो. घरात एकच कॉम्प्युटर होता, हॉलमध्ये टीव्हीशेजारी. त्यावर एकच युजर, आणि त्याला पासवर्ड नाही. बाबांची बँक, ताईचा ईमेल, माझ्या क्लासच्या नोट्स, सगळं एकाच ब्राउझरमध्ये. एका दुपारी सेटिंग्जमध्ये उगाच इकडेतिकडे करताना मला एक यादी सापडली. डावीकडे वेबसाइटचं नाव, मग युजरनेम, आणि उजवीकडे काळ्या ठिपक्यांची ओळ. ठिपक्यांवर क्लिक केलं की शेजारी एक बटण यायचं, 'शो'. मी ते दाबलं. ठिपके गेले आणि ताईचा पासवर्ड समोर आला.

ताई दर वेळी न चुकता लॉगआउट करायची. तिच्या मते तेवढं पुरेसं होतं. मी तिचा ईमेल उघडून वाचला. बी.कॉम. झाल्यावर दिल्लीला जाऊन एम.ए. करायचं तिच्या मनात होतं, अर्जही भरून झाला होता, आणि हे फक्त तिच्या एका मैत्रिणीला माहीत होतं. रात्री मी ते आईच्या कानावर घातलं. घरात व्हायचं ते रामायण झालं. ताईला वाटलं, मैत्रिणीनेच कुठेतरी बोलून टाकलं. दोघींचं बोलणं बंद झालं. मी गप्प बसलो.

आज लॉगिनची पानं बनवणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. चूक माझी होती, बटणाची नव्हती, हे मला कळतं. पण ते बटण तिथे का होतं, हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असं ब्राउझर विचारतो तेव्हा तो नेमकं कुणाला विचारतो? याचं उत्तर शोधत मागे गेलो, तर थेट १९६०च्या दशकात पोचलो.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१मध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली. तोवर एका वेळी एकाचंच काम करणारा अवाढव्य संगणक आता अनेकांना एकाच वेळी वापरता येणार होता. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या, प्रत्येकाला ठरलेला वेळ द्यायचा, तर समोर कोण बसलंय हे यंत्राला कळायला हवं. त्यासाठी पासवर्ड आला. संगणकावरच्या पासवर्डची सुरुवात साधारणपणे इथूनच मानली जाते. म्हणजे पासवर्ड जन्मला तो सामायिक यंत्रासाठी. यंत्र एक आणि माणसं अनेक, म्हणून त्याची गरज पडली.

आणि तो लगेच फुटलाही. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे. त्याच्या कामाला ते पुरेनात. १९६२मध्ये त्याने एक युक्ती केली. पंच कार्डावरून फाइल छापण्याची विनंती देता यायची. त्याने पासवर्डांच्याच फाइलचं नाव दिलं. शुक्रवारी रात्री कार्ड ठेवलं, शनिवारी सकाळी सगळ्यांचे पासवर्ड छापून तयार. मग तो दुसऱ्यांच्या नावावर काम करू लागला. सुमारे २५ वर्षांनी त्याने एमआयटीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांपाशी याची कबुली दिली.

दुसरा किस्सा कोर्बातो यांनी स्वतःच पुढे ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितला. एके दिवशी सीटीएसएसवर जो कोणी लॉगिन करेल त्याला 'आजचा संदेश' दिसायच्या ऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली. कारण साधं होतं. संपादनाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने धरून चाललं होतं की एका फोल्डरमध्ये एका वेळी एकच माणूस काम करेल. पण प्रणाली सांभाळणारे दोघे एकाच फोल्डरमध्ये होते. एक जण संदेश बदलत होता, दुसरा पासवर्डांची फाइल. दोघांच्या तात्पुरत्या फायलींचं नाव एकच निघालं आणि मजकुरांची अदलाबदल झाली. 'इथे एका वेळी एकच माणूस असेल' हे गृहीतक लक्षात असू द्या, ते पुन्हा भेटणार आहे.

या फजितींतून एक धडा घेतला गेला, तो म्हणजे पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. तो एकेरी गणितातून काढायचा आणि जे उरतं तेवढंच ठेवायचं. उसाचा रस काढता येतो, रसाचा ऊस करता येत नाही, तसं. लॉगिन करताना तुम्ही दिलेला पासवर्ड त्याच गणितातून काढला आणि उत्तर जुळलं, तर तुम्ही खरे. युनिक्सवर ही पद्धत राबवताना आलेले अनुभव रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९मध्ये एका निबंधात मांडले. त्यात त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांचा हिशेब आहे. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज शोधता येण्याजोगे होते. एकाच अक्षराचे, दोन अक्षरांचे, किंवा शब्दकोशातून उचललेले. यंत्र सुधारलं, पण माणसाची स्मरणशक्ती होती तेवढीच राहिली.

तरी तेव्हा माणसाला एकदोनच पासवर्ड लागायचे. १९९०च्या दशकात वेब आलं आणि प्रत्येक वेबसाइट स्वतंत्र दार बनली. ईमेलचा एक पासवर्ड, बातम्यांचा दुसरा, खरेदीचा तिसरा. लक्षात ठेवायचं ओझं वाढलं, तेव्हा ब्राउझर मदतीला धावला. १९९९मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५मध्ये फॉर्म आपोआप भरण्याची सोय आली, पासवर्डांसकट. त्याच सुमारास नेटस्केपमध्ये मोझिलासाठी पासवर्ड सांभाळणारा भाग लिहिणारे होते स्टीफन मोर्स. इंटेलच्या ८०८६ चिपची रचना करणारे तेच हे मोर्स. ज्या चिपच्या वंशावळीतले प्रोसेसर आपल्या लॅपटॉपमध्ये आले, तिचा कर्ता पुढे लोकांचे पासवर्ड कुठे ठेवायचे या विवंचनेत होता, हे वाचून मला गंमत वाटली.

विवंचना खरीच होती. वेबसाइटला पासवर्ड फक्त ओळखायचा असतो, त्यामुळे तिला रसावर भागवता येतं. ब्राउझरला मात्र पासवर्ड पुन्हा जसाच्या तसा टाइप करून द्यायचा असतो. त्याला अख्खा ऊसच जपून ठेवावा लागतो. म्हणजे कुलूप हवं, आणि कुलूप म्हटलं की किल्ली आली. किल्ली कुठे ठेवायची?

पहिला मार्ग, किल्ली माणसाच्या डोक्यात. सगळ्या पासवर्डांवर एक मास्टर पासवर्ड. मोझिलाने ही सोय दिली, पण ऐच्छिक. कुणी ती वापरली नाही तर पासवर्ड नुसते ओळखू येणार नाहीत अशा रूपात लिहिले जात. ते लपवणं होतं, कुलूप नव्हे. पुढे २००४मध्ये फायरफॉक्स आला. त्याने कुलूप लावलं, पण मास्टर पासवर्ड नसेल तर किल्लीची फाइल त्याच फोल्डरमध्ये. आपल्याकडे दाराला कुलूप लावून किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवतात, त्यातलाच प्रकार.

दुसरा मार्ग, किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमकडे. २००८मध्ये आलेल्या क्रोमने विंडोजवर हा रस्ता धरला. तुम्ही विंडोजमध्ये लॉगिन केलंत की विंडोज तुमच्या वतीने कुलूप उघडतं. वेगळं काही लक्षात ठेवायला नको. सोयीचं आहे, आणि एका अटीवर सुरक्षितही. अट ही की त्या लॉगिनमागे एकच माणूस असावा.

ही अट जिथे हे ब्राउझर बनत होते तिथे कुणाला अट वाटली नसेल. आपल्याकडची गोष्ट निराळी होती. आपल्यापैकी अनेकांचा इंटरनेटशी परिचय झाला तो सायबर कॅफेत, तासाला काही रुपये देऊन, आधीच्या गिऱ्हाइकाने गरम केलेल्या खुर्चीत बसून. नाहीतर हॉलमधल्या सामायिक कॉम्प्युटरवर. चाळीस वर्षांपूर्वी एमआयटीत होतं तेच चित्र, यंत्र एक आणि माणसं अनेक. फरक इतकाच की एमआयटीत पासवर्ड माणसांना वेगळं ठेवायला आला होता, आणि इथे ब्राउझर सगळ्यांचे पासवर्ड एकाच पेटीत भरत होता. विंडोजमध्ये वेगळे युजर करता यायचे. पण घरातल्या घरात वेगळं खातं मागणं म्हणजे काहीतरी लपवणं, असा अर्थ निघायचा. मुलीने मागितलं तर जास्तच.

मग सेव्ह करूच नये का? अनेक वर्षं असाच सल्ला मिळायचा. पण आकडे वेगळं सांगतात. दिनेई फ्लोरेन्सियो आणि कॉर्मॅक हर्ले यांनी सुमारे पाच लाख लोकांच्या सवयी तपासून २००७मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी माणसाची पासवर्ड लागणारी २५ खाती, पण पासवर्ड फक्त साडेसहा. प्रत्येक पासवर्ड जवळपास चार ठिकाणी वापरलेला. याचा धोका २००९च्या डिसेंबरात दिसला. रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, आणि ते साध्या मजकुरात ठेवलेले होते. सर्वांत लोकप्रिय पासवर्ड होता १२३४५६. अशी एक यादी फुटली की चोर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड घेऊन बाकीची दारं ठोठावत फिरतो. डोक्यात मावतील तेवढेच पासवर्ड ठेवायचे, तर ते सोपे आणि पुन्हा पुन्हा वापरलेलेच असणार.

ब्राउझरचा आणखी एक गुण सहसा लक्षात येत नाही. तो पासवर्ड पत्त्यासकट लक्षात ठेवतो. बँकेच्या पानासारखं हुबेहूब पान कुणी दुसऱ्या पत्त्यावर उभं केलं, तर आपण फसतो, ब्राउझर फसत नाही. पत्ता जुळत नाही म्हणून तो पासवर्ड भरतच नाही. रोजचा पासवर्ड एखाद्या दिवशी आपोआप भरला गेला नाही, तर वैतागून हाताने टाइप करण्याआधी वरचा पत्ता वाचावा.

अर्थात हा गुणही पहिल्यापासून परिपूर्ण नव्हता. २००६मध्ये मायस्पेसवर कुणीतरी आपल्याच प्रोफाइलच्या पानावर खोटा लॉगिन फॉर्म ठेवला. पत्ता मायस्पेसचाच, म्हणून फायरफॉक्सने पासवर्ड इमानदारीत भरून दिला. २०१७मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की काही जाहिरात कंपन्यांचे स्क्रिप्ट पानावर अदृश्य फॉर्म टाकतात, ब्राउझर तो भरतो, आणि त्यातून वाचकाच्या ईमेलचा माग काढला जातो. म्हणून हल्ली बऱ्याच ठिकाणी पासवर्ड भरला जाण्याआधी तुम्हाला एकदा बोट लावावं लागतं. ते कंटाळवाणं वाटतं, पण त्यामागे हा इतिहास आहे.

आता त्या 'शो' बटणाकडे येतो. २०१३च्या ऑगस्टमध्ये, मी ताईचा ईमेल वाचला त्याच पावसाळ्यात, एलियट केंबर नावाच्या डेव्हलपरने जाहीर तक्रार केली की क्रोममध्ये कुणीही येऊन साठवलेले सगळे पासवर्ड उघडे पाहू शकतो. क्रोमच्या सुरक्षेची जबाबदारी असलेले जस्टिन शू यांनी उत्तर दिलं. त्याचा आशय असा होता: ज्याच्या हातात तुमचा उघडा कॉम्प्युटर आहे, त्याच्यापासून ब्राउझर तुम्हाला वाचवू शकत नाही. तो तुमचं चालू लॉगिन वापरेल, टाइप केलेलं टिपणारा प्रोग्राम टाकेल. अशा वेळी एक लटकं कुलूप लावून लोकांना सुरक्षित असल्याचा भास का द्यायचा? यावर वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी ट्विटरवर निराशा व्यक्त केली, आणि त्यांनी दिलेलं उदाहरण होतं मोठ्या बहिणीचे पासवर्ड मिळवण्याचं.

हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. वाचून कान गरम झाले.

इंजिनियर म्हणून मला शू यांचं म्हणणं पटतं. माझ्याच बाबतीत 'शो' बटण नसतं तरी लॉगिनचं पान उघडल्यावर ब्राउझरने पासवर्ड भरून दिलाच असता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर होता पक्का चोर. घरात चोर नसतो. घरात असतो रिकाम्या दुपारी कंटाळलेला भाऊ, संशय आलेला नवरा, काळजीने पछाडलेली आई. ते कुठला प्रोग्राम टाकत नाहीत. उघडं दिसलं तर बघतात, आणि मध्ये साधी कडी असली तर बऱ्याचदा परत फिरतात. शिवाय पाहिलेला पासवर्ड माणूस सोबत घेऊन जातो, दुसऱ्या यंत्रावर वापरतो. पुढच्या काही महिन्यांत क्रोमनेही पासवर्ड दाखवण्याआधी कॉम्प्युटरचा पासवर्ड विचारायला सुरुवात केली. आमच्या कॉम्प्युटरला तो नव्हताच, ही गोष्ट वेगळी.

याच काळात दुसरीकडे ब्राउझर आणि बँका यांच्यात रस्सीखेच चालू होती. वेबसाइटला ब्राउझरला सांगता यायचं की इथला पासवर्ड साठवू नकोस, आणि बँका ते आवर्जून सांगत. २०१३-१४मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ११ आणि क्रोम ३४ यांनी पासवर्डांच्या बाबतीत ही सूचना मानणं बंद केलं. त्यांचा युक्तिवाद असा की साठवू दिला नाही तर लोक सोपाच पासवर्ड ठेवतील. काही वेबसाइटनी मग पेस्ट करणंच बंद केलं, आणि ते अजून पुरतं संपलेलं नाही. खरं तर अमेरिकेच्या मानकसंस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७मध्येच सांगितलं होतं की पेस्ट करू द्या, दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका, अमुक चिन्ह हवंच असा हट्ट धरू नका. त्याच संस्थेच्या २००३मधल्या सूचनांवरून हे नियम जगभर पसरले होते. त्या लिहिणारे बिल बर यांनी निवृत्तीनंतर त्याबद्दल खेद व्यक्त केला.

आता कॉम्प्युटर हॉलमधून खिशात आला आहे. फोन एकाचाच असतो, त्यामुळे प्रश्न सुटला असं वाटेल. २०१८मध्ये नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की फोन नावाला एकीचा असला तरी तो मुलं, नवरा, सासू यांच्या हातात जातच असतो. नाही म्हणणं जड जातं. म्हणून त्या फोन लपवत नाहीत, ॲपला कुलूप लावतात, मेसेज पुसतात, काही गोष्टी फोनवर करतच नाहीत. माझी ताई लॉगआउट करायची, तसंच हे. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनी धरलेलं गृहीतक या बायका रोज आपापल्या परीने दुरुस्त करत असतात.

२०२२मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून पासकीचा पुरस्कार करायचं जाहीर केलं. पासकीत लक्षात ठेवायला काही नसतं. गुप्त किल्ली तुमच्याकडेच राहते, वेबसाइटकडे फक्त तिची जोडकिल्ली जाते. वेबसाइट फुटली तरी चोराच्या हाती उपयोगाचं काही लागत नाही, आणि खोट्या पानावर किल्ली चालतच नाही. लांबच्या चोराविरुद्ध हे फार चांगलं आहे. पण किल्ली उघडते कशाने? तुमच्या बोटाने, चेहऱ्याने, किंवा फोनच्या स्क्रीन लॉकने. तो पॅटर्न घरातल्या सगळ्यांना माहीत असेल, तर आपण पुन्हा त्या हॉलमध्ये येऊन बसलो.

गेल्या दिवाळीत मी ताईला सगळं सांगितलं. ॲलन शेरपेक्षा मी वेळ निम्म्याहून कमी घेतला, एवढीच काय ती फुशारकी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कसं बघितलंस ते दाखव." मी तिच्याच फोनवर साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडली. फोनने स्क्रीन लॉक मागितला.

"हा कुणाकुणाला माहिती आहे?" मी विचारलं.

"घरात सगळ्यांनाच. पोराला गेम लागतो ना."

आम्ही दोघांनी बसून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. बंद पडलेल्या साइट्स काढून टाकल्या. तीन ठिकाणी एकच असलेला पासवर्ड बदलला. स्क्रीन लॉक नवा घातला, पोराचं बोट लॉकमधून काढलं आणि त्याच्या गेमसाठी घरातला जुना फोन दिला. अर्धा तास लागला. यादीच्या तळाशी कॉलेजच्या वेळचा तो जुना ईमेल अजून होता. ताईने तो उघडला आणि मैत्रिणीचं शेवटचं पत्र शोधून काढलं. तिने त्याला उत्तर दिलं नव्हतं.

"तू झोप आता," ती मला म्हणाली, आणि टाइप करू लागली.